फुटाला इंच

14 नोव्हेंबर

अण्णांना सोमवारी घरी सोडणार. खुब्याचं हाड. निदान तीन महिने व्हीलचेअर, डॉक्टर म्हणाले. पुढचं पुढे बघू.

संध्याकाळी टेप घेऊन जोतं मोजलं. अंगणापासून ओटीपर्यंत 21 इंच. तीन पायऱ्या, चिऱ्याच्या, मधोमध झिजलेल्या.

17 नोव्हेंबर

अण्णा आले. रिक्षावाला, शेजारचे दोघे आणि मी. खुर्चीसकट उचलून ओटीवर घेतलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. अर्ध्या गावाची छपरं चढवलेला माणूस.

कोणी काही बोललं नाही. चहा केला. रिक्षावाल्यानं भाड्यापेक्षा जास्त घेतलं नाही.

18 नोव्हेंबर

दहावी. त्रिकोणमिती सुरू केली.

फळ्यावर काटकोन त्रिकोण. कर्ण, संमुख बाजू, लगतची बाजू. कोन बदलला की संमुख आणि लगतची यांची नावं बदलतात, कर्ण तोच राहतो. यावर बराच वेळ दिला. इथे पाया कच्चा राहिला तर पुढचं सगळं पाठांतर होतं.

30, 45, 60 चा तक्ता मुलांना नववीपासून तोंडपाठ. पण पुस्तकातली उदाहरणं पाहिली की जाणवतं, बहुतेक ठिकाणी कोन आधीच दिलेला. वादळात झाड मोडलं, शेंड्यानं जमिनीशी इतका कोन केला, उंची काढा. कोन क्वचित विचारतात. विचारला तरी टॅन थीटा बरोबर वर्गमूळ तीन निघतं, मुलं तक्त्यात बोट ठेवतात, 60 लिहितात.

शेवटच्या बाकावरून प्रश्न आला. "बाई, टॅन थीटा दोन आला तर?"

घंटा झाली.

19 नोव्हेंबर

63.43. सांगायचं नाही. काढायला लावायचं.

20 नोव्हेंबर

पाया 5 सेंटिमीटर, उभी बाजू 10. कर्ण जोडा. कोनमापक लावा.

उत्तरं आली: 63, 64, साडेत्रेसष्ट. एकीचं 27. वर्ग तिच्याकडे वळून बघायला लागला. तिची आकृती फळ्यावर काढायला लावली. तिनं वरचा कोन मोजला होता. 63 आणि 27. मी काही म्हणायच्या आत मागून दोघं-तिघं म्हणाले, नव्वद.

त्या मुलीनं खाली बसताना वहीत दोन्ही कोन लिहिले.

22 नोव्हेंबर

अण्णा जेवत नाहीत. पेज दिली तर अर्धी ठेवतात. दिवसभर माजघरात पडून वर बघत असतात. वासे, रिपा, कौलं. सगळं त्यांनीच बसवलेलं.

मुंबईहून दादाचा फोन. विचारत होता, अण्णा बोलतात का? मी म्हटलं, लागेल तेवढं.

23 नोव्हेंबर

रविवार. गवंडी आला. ओटीवरून सरळ खाली, तुळशीच्या अलीकडे थांबायचं, तर 14 फूट मिळतात. "चौदा फुटांत उतरवतो बाई. चढेल की."

21 इंच चढ, 168 इंच पाया. एकास आठ.

मी म्हटलं, फुटाला इंचच हवा. सार्वजनिक इमारतींतल्या उताराला एकास बारा हेच प्रमाण धरतात. तो हसला नाही, विचारात पडला. "मग एकवीस फूट लागतील. मध्ये तुळस. तुळस हलवू?"

आतून आवाज आला. "तुळस हलायची नाही."

घरी आल्यापासून अण्णा एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदा बोलले. आईनं लावलेली तुळस. वृंदावनाचे चिरे अण्णांनीच तासले होते.

गवंडी पुढच्या रविवारी येतो म्हणाला.

24 नोव्हेंबर

झोप नाही. मागच्या पानावर आकडेमोड.

अण्णा अधिक खुर्ची, साधारण 80 किलो. उतारावरून ढकलताना या वजनाचा जो भाग आपल्या हातांवर येतो, तो वजन गुणिले कोनाचा साइन.

14 फुटांचा उतार: टॅन 0.125, कोन 7.1 अंश, साइन 0.124. हातांवर जवळजवळ 10 किलो.

21 फुटांचा: टॅन 0.0833, कोन 4.76 अंश, साइन 0.083. हातांवर साडेसहा किलोच्या थोडं वर.

अडीच अंशांहून कमी फरक. कागदावर काढला तर डोळ्याला कळणारही नाही. हातांना कळतो. उतरताना तर तेवढंच वजन मागे ओढून धरायचं असतं, आणि पावसाळ्यात चिरा कसा बुळबुळीत होतो ते या घराला सांगायला नको. अण्णा त्यावरूनच पडले.

कोनमापक अंगणात लावून हा कोन मोजता येणार नाही. उतार अजून बांधलेलाच नाही, मोजणार काय? बाजू तेवढ्या माहीत आहेत. जे अजून जागेवर नाही त्याचा कोन आधी कळतो. मुलांपर्यंत हे पोचवायचं आहे. परीक्षेत त्याला गुण नाहीत.

25 नोव्हेंबर

घरच्या मोबाइलवर करून आणा म्हटलं होतं: संमुख बाजू 21, लगतची 168, कोन किती? कशाचं माप ते सांगितलं नाही.

बहुतेकांचं 7.125. काहींचं 0.1244. त्यांना वाटलं आपलंच चुकलं. मोबाइल रेडियनमध्ये होता, एवढंच. उत्तर बरोबर, माप वेगळं. 0.1244 ला 57.3 नं गुणा म्हटलं. 7.13 आलं. कुजबुज झाली.

57.3 कुठून आलं? 360 भागिले दोन पाय. वर्तुळाच्या त्रिज्येएवढी लांब कमान घेतली तर केंद्रापाशी एवढे अंश होतात. लहान कोन असेल तर टॅनलाच 57.3 नं गुणलं तरी कोन जवळपास मिळतो. एकास बारा: 57.3 भागिले 12, 4.775. खरा 4.764. सुताराला, गवंड्याला एवढं पुरे.

लहान कोनापुरतंच, हे बजावून सांगितलं.

26 नोव्हेंबर

फिजिओ येऊन गेला. अण्णांनी त्याला पाय उचलून दाखवला नाही.

28 नोव्हेंबर

रात्री अण्णांच्या खाटेपाशी वही तपासत होते. अण्णा म्हणाले, "काय गो बाय, उतार किती धरलास?"

फुटाला इंच, म्हटलं.

"बरोबर." मग बऱ्याच वेळानं, "छप्पर फुटाला सात."

वर बोट दाखवलं. एक फूट आडवं गेलं की सात इंच वर. त्याहून उताणं ठेवलं तर पाणी कौलाखाली मागे शिरतं. त्याहून उभं केलं तर वाऱ्याला अडतं आणि लाकूड जास्त जातं. कोणी शिकवलं, विचारलं. "बाबांनी. त्यांना त्यांच्या बाबांनी."

वहीच्या कडेला भागाकार केला. सात भागिले बारा, 0.5833. टॅन 30 म्हणजे 0.5774. या छपराचा कोन 30.26 अंश.

मी अण्णांना म्हटलं, तुम्ही आयुष्यभर तीस अंशांची छपरं बांधलीत. ते म्हणाले, "अंश आम्हाला नव्हते. गुण्या होता."

मग विचारलं, फुटाला फूट म्हणजे? "अर्धा काटकोन." पंचेचाळीस. आणि साठ? साठ म्हणजे फुटाला पावणेएकवीस इंच. हे मी सांगितलं, त्यांनी मनाशी हिशेब केला आणि मान हलवली. "देवळाच्या कळसाला तसलं लागतं."

पुस्तकातला तक्ता त्यांच्या भाषेत असा: फुटाला सात, फुटाला बारा, फुटाला पावणेएकवीस. माझ्या मुलांपैकी अनेकांच्या घरी कोणी सुतार आहे, कोणी गवंडी. ती मुलं हा तक्ता घरी ऐकत वाढली असतील आणि वर्गात आल्यावर त्यांना आपल्याला काहीच येत नाही असं वाटत असेल. हे मला फार लागलं.

पेज पूर्ण संपवली.

29 नोव्हेंबर

57.3 छपराला लावून पाहिलं. 0.5833 गुणिले 57.3 म्हणजे 33.4. तीन अंश जास्त. उद्या-परवा वर्गात हेच उदाहरण घ्यायचं, नियम कुठे मोडतो ते दिसलं पाहिजे.

30 नोव्हेंबर

गवंडी सकाळीच आला. अण्णांनी खुर्ची ओटीच्या कडेपर्यंत न्यायला सांगितली. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा अंगण पाहिलं.

प्लायवूडचा तुकडा मागितला, पेन्सिल मागितली, गुण्या मागितला. गुण्या सापडायला वेळ लागला. वळचणीला होता, गंजलेला. मी पुसून दिला.

त्यांनी काढलेला आराखडा: ओटीच्या फणसाकडच्या टोकापासून घराच्या भिंतीला धरून 12 फूट, 12 इंच उतरायचं. तिथे 5 फूट बाय 5 फूट सपाट. खुर्ची वळायला. मग काटकोनात अंगणाकडे 9 फूट, 9 इंच उतरायचं. बारा आणि नऊ, एकवीस. तुळस जागच्या जागी.

गवंडी म्हणाला, "अण्णा, हे बरं आहे. मध्ये दम घ्यायला जागा."

"दमासाठी नाही. खुर्ची सुटली तर थांबायला."

मी कर्ण काढला. पाया 12 फूट, उंची 1 फूट, कर्ण वर्गमूळ 145, म्हणजे 12 फूट आणि अर्धा इंच. उतारावर टेप ठेवून मोजलं किंवा जमिनीवर मोजलं, फरक फक्त अर्ध्या इंचाचा. म्हणूनच लहान कोनाला साइन आणि टॅन जवळजवळ सारखे. अण्णांना हे आधीच ठाऊक होतं. गवंड्यालाही. पाठ करून नव्हे, मापून.

2 डिसेंबर

वर्गात 3-4-5.

गवंडी पाया आखताना दोरीवर 3 फुटांवर आणि 4 फुटांवर खूण करतो, तिसरी बाजू 5 येईपर्यंत दोरी सरकवतो. काटकोन मिळतो. बऱ्याच मुलांनी पाहिलेलं. पायथागोरसच्या धड्यात हे त्रिकूट सगळ्यांनी लिहिलेलं.

विचारलं, बाकीचे दोन कोन किती?

शांतता. कितीतरी वर्षांची ओळख असलेला त्रिकोण, त्याचे कोन कोणालाच माहीत नाहीत. "30 आणि 60, बाई?" नाही. साइन 0.6. तक्त्यात नाही. मोबाइलही नाही, परीक्षेच्या खोलीत आहोत असं समजा.

मग भास्कराचं सूत्र दिलं. हा पहिला भास्कर, सातव्या शतकातला, महाभास्करीय लिहिणारा. लीलावती लिहिणारे भास्कराचार्य त्यांच्यानंतर पाचशे वर्षांनी. पहिल्या भास्करानं कोनावरून ज्या, म्हणजे आपला साइन, काढायची रीत दिली, कुठलंही कोष्टक न बघता. ती उलटी फिरवली की ज्येवरून कोन निघतो. लीलावतीत दोन्ही रीती आहेत, जीवा काढायची आणि जीवेवरून चाप काढायचा.

फळ्यावर पायऱ्या लिहिल्या. साइनला 40500 नं गुणा. आलेल्या संख्येला चार अधिक साइननं भागा. ते 8100 मधून वजा करा. वर्गमूळ घ्या. 90 मधून वजा करा.

आधी ओळखीचं उदाहरण, साइन 0.5. 20250 भागिले साडेचार, 4500. वजा केल्यावर 3600. मूळ 60. नव्वदातून साठ गेले, तीस. अगदी तंतोतंत तीस. मुलं सरसावून बसली.

मग 0.6. 24300 भागिले 4.6, 5282.6. उरले 2817.4. वर्गमूळ 53.08. कोन 36.92.

खरा 36.87. फरक अंशाच्या विसाव्या भागाएवढा. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीची रीत, हातानं, चार ओळींत.

एकजण म्हणाला, "हे पुस्तकात का नाही?" मी त्याला उत्तर दिलं नाही. प्रश्न बरोबर आहे.

चाळीसगावजवळ पाटण आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख तिथल्या देवळात आहे. या मुलांना एकदा तिथे न्यायचं आहे.

3 डिसेंबर

0.8 घरी करायला दिलं होतं. 53.26 आलं. कालच्या 36.92 मध्ये मिळवलं तर 90.18. "बाई, नव्वद नाही झाले." मोजलं, पडताळलं, शंका घेतली. याहून जास्त काही मला नको आहे.

5 डिसेंबर

आर्यभटाच्या कोष्टकात डोकं घातलं. इसवी सन 499. त्रिज्या 3438 धरलेली. हीच का, म्हणून पाहिलं. 57.3 गुणिले 60 करा. 3438. एका अंशाच्या 60 कला, परिघाच्या 21600, त्याच मापात त्रिज्या. म्हणजे गेल्या आठवड्यात वर्गात काढलेला आकडाच, कलांमध्ये.

पहिली ज्या 225 कलांची, किंमत 225. लहान कोनाला कमान आणि ज्या सारखीच. दुसरी 449.

आमचा उतार: 3438 भागिले 12.04, ज्या 285.5. दोघींच्या मध्ये. 225 च्या पुढे 60.5, टप्पा 224 चा. प्रमाण लावलं: 225 अधिक 60.8. म्हणजे 285.8 कला. 4 अंश 46 कला.

मोबाइल म्हणतो 4.76 अंश. 4 अंश 46 कला.

रात्री साडेबारा. अण्णा जागे होते, त्यांना सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे फुटाला इंचच."

7 डिसेंबर

आखणी. दोरी, चुना, पाण्याची नळी. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एका पातळीला येतं, त्यावरून 21 इंच पुन्हा पडताळले. 21 च.

9 डिसेंबर

चिरे आले.

अण्णा ओटीवर बसून फळीला रंधा मारत होते. चार फूट लांब, सरळ. एका टोकाखाली चार इंचांचा ठोकळा ठोकला. वर पाणसळ ठेवली. विचारलं, हे काय?

उतारावर फळी ठेवायची, ठोकळ्याचं टोक खालच्या बाजूला. उतार फुटाला इंच असेल तर चार फुटांत जमीन चार इंच खाली जाते, ठोकळा तेवढंच वर उचलतो, फळी सपाट होते, बुडबुडा मधोमध. जमीन जास्त उताराची असेल तर बुडबुडा वरच्या टोकाकडे पळतो.

कोन मोजणारं यंत्र, अंश न लिहिलेलं. मी फळीकडे बघत राहिले. वर्गात घेऊन जाते म्हटलं. "काम झाल्यावर ने."

आज फिजिओला पाय उचलून दाखवला.

11 डिसेंबर

भिंती उभ्या राहिल्या. आत जांभ्याचे तुकडे आणि माती, धुमसानं धुमसली. धूळ सगळ्या घरभर.

13 डिसेंबर

दुसऱ्या टप्प्यात बुडबुडा सरकला.

गवंडी म्हणाला, थोडंफार चालतं. अण्णांनी फळी पुन्हा ठेवायला लावली. पुन्हा सरकला. टेप लावला. नऊ इंच आठ फुटांतच उतरवले होते. 9 भागिले 96, कोन 5.36 अंश. फरक अर्ध्या अंशाहून थोडा जास्त.

"एक फूट पुढे घे."

गवंड्यानं वाद घातला नाही. भराव उकरला, भिंत पुढे वाढवली. दुपारी अण्णांनी त्याला स्वतःहून चहा द्यायला सांगितला.

15 डिसेंबर

कोबा झाला. ओला असतानाच खराट्यानं आडव्या रेघा ओढल्या, चाकं आणि पाय घसरू नयेत म्हणून. वर गोणपाट. दिवसातून तीनदा पाणी मारायचं. आठवडाभर कोणी पाय ठेवायचा नाही. कुत्र्याला सांगणार कोण, या काळजीत अण्णा.

17 डिसेंबर

घटक चाचणीचे पेपर. "कोन काढा" असा एक प्रश्न मी जास्तीचा घातला होता, एकूण गुणांबाहेरचा. बाजू 5, 12, 13. बऱ्याच जणांनी सोडवलाच नाही. ज्यांनी सोडवला त्यातल्या एकानं आकृती मापात काढून कोनमापक लावला आणि लिहिलं: साधारण साडेबावीस. खरा 22.62. त्याला पूर्ण गुण दिले.

22 डिसेंबर

वर्षातला सर्वांत लहान दिवस. शाळेच्या मैदानावर एक मीटरची काठी, अण्णांचा ओळंबा लावून सरळ उभी केली. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण.

मुलांना वाटत होतं बाराला सर्वांत लहान होईल. बारा वाजून गेले, सावली लहानच होत होती. साधारण 12.35 ला थांबली, मग वाढू लागली. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, रत्नागिरी सव्वात्र्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं. सूर्य आपल्याकडे सदतीस-एक मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. एवढं बोलायला पुरेसा वेळ मिळाला.

सर्वांत लहान सावली 85 सेंटिमीटर. काठी लगतची बाजू, सावली संमुख बाजू, किरण कर्ण. टॅन 0.85. वरचा कोन 40.4 अंश. आज सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला 23.4 अंशांवर. वजाबाकी करा.

17.

रत्नागिरीचा अक्षांश 17. नकाशाच्या पुस्तकात शोधून पाहिलं सगळ्यांनी. एक काठी, एक सावली, एक कोन, आणि आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत ते कळलं. टॅन थीटा दोन आला तर काय, हे विचारणारी मुलगी खडूच्या खुणांपाशी बराच वेळ बसून होती. तिनं वहीत काठीची आकृती काढली, त्याखाली विचारलं: 21 जूनला सावली कुठल्या बाजूला पडेल?

दक्षिणेला. सूर्य तेव्हा आपल्याही उत्तरेला असतो. पण तिला सांगितलं नाही. जूनमध्ये ती दहावी पास होऊन गेलेली असेल. काठी कुठेही उभी करता येते.

24 डिसेंबर

गोणपाट काढलं. फळी ठेवली. बुडबुडा मधोमध, दोन्ही टप्प्यांत.

संध्याकाळी अण्णांना घेऊन उतरले. पहिला टप्पा मी धरून. सपाट जागेवर थांबवायला सांगितलं. चाकांचे ब्रेक लावले. मग ब्रेक स्वतःच काढले आणि दुसरे नऊ फूट चाकांवर हात ठेवून स्वतः गेले. मी मागे, हात न लावता.

तुळशीला पाणी घातलं त्यांनी.

5 जानेवारी

फळी वर्गात नेली. मधल्या सुट्टीत मुलं ती घेऊन शाळाभर फिरत होती. हे मी सुचवलं नव्हतं.

6 जानेवारी

मुलांनी शाळेचा रॅम्प मोजून आणला. उंची 18 इंच, पाया 7 फूट. 18 भागिले 84. कोन 12.1 अंश. फुटाला अडीच इंचांहून जास्त.

आठवीत कुबड्या घेऊन येणारा मुलगा आहे. तो रोज पायऱ्यांनी चढतो. मुलांनी त्याला विचारलं होतं. रॅम्पवरून कुबडी सरकते, म्हणाला. मी इतकी वर्षं तो रॅम्प बघते आहे. आहे म्हणून बघितला. किती अंशांचा आहे म्हणून नाही बघितला कोणी.

9 जानेवारी

मुलांनी आराखडा काढला. व्हरांड्याच्या भिंतीला धरून 26 फूट मोकळी जागा आहे. 18 इंचांना 18 फूट लागतात. वळायला 5 फूट. तीन फूट उरतात. कोन 4.76 अंश. आकृतीत कर्णही लिहिला आहे, 18 फूट पाऊण इंच.

12 जानेवारी

मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला. जुना रॅम्प काढून फुटाला इंच या प्रमाणात नवा बांधावा. मुलांची आकृती सोबत जोडली आहे, खाली दहावीच्या सगळ्यांच्या सह्या. अण्णांनी फळी शाळेसाठी ठेवून घ्यायला सांगितलं आहे. ती प्रयोगशाळेच्या कपाटात उजव्या हाताला आहे. संचालकांची बैठक 20 तारखेला.